ताऱ्याचा चटका

जेवण झालंय आणि मी भट्टीच्या छपराखाली बाजेवर आडवा आहे. आज अवस. आमच्यात अवसेला भट्टी पेटवत नाहीत, त्यामुळे छपरात ना धूर ना घणाचे ठोके; नुसतं पत्र्यावर ऊन तडतडतंय. डोळा लागतो, उघडतो, पुन्हा लागतो. उघडा असला की समोर ऐरण दिसते. मिटला तरी तीच दिसते, फक्त थोडी लांब सरकलेली.

पायथ्याशी माझी नात बसली आहे. राजनंदिनी तिचं नाव, आम्ही नंदू म्हणतो. जूनमध्ये पहिलीत जाईल. तिच्या मांडीवर ताऱ्यांचं पुस्तक आहे, मोठ्या चित्रांचं. ती ते उघडत नाही आणि खालीही ठेवत नाही.

"आबा, झोपू नका."

"झोपत न्हाई. डोळं मिटून इचार करतोय."

"काल पण असंच म्हणलात आन् घोरलात."

तिचं खरं आहे. काल मी तिला शब्द दिला, उद्या चांदण्या निघायच्या आत सांगतो म्हणून. तो उद्या आज उगवलाय आणि दुपार कलली तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

गोष्ट अशी आहे. नंदूची आई, म्हणजे माझी सून वैजयंता, गावच्या अंगणवाडीची बाई होती. दिवाळीनंतर तिला ताप आला. तो डोक्यात गेला म्हणाले, आणि ती गेली. संक्रांतीला माझी लेक अलका माहेरी आली होती. तिनं एका संध्याकाळी पोरीला अंगणात नेलं आणि मावळतीकडं बोट दाखवलं. "ती बघ, सगळ्यांत आधी निघालीय ती मोठी चांदणी. ती तुझी आई. तुझ्याकडंच बघती."

सगळेच असं सांगतात. माझी आई गेली तेव्हा मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं, आणि मी डोळे पुसून विटीदांडू खेळायला गेलो होतो. पण मला तेव्हा पुस्तक ठाऊक नव्हतं. नंदूला ठाऊक आहे. तारा म्हणजे लांबचा सूर्य, आपल्या कल्पनेत मावणार नाही इतका तापलेला, असं तिच्या आईनंच तिला चित्रावर बोट ठेवून शिकवलंय.

त्या दिवसापासून पोर अंधार पडला की अंगणात जात नाही. काल मात्र गेली. हातात पाण्याचा तांब्या होता. मी बाहेर येईपर्यंत तिनं तो वर, मावळतीकडं, जीव खाऊन उडवला. पाणी तिच्याच अंगावर पडलं. ओल्या झग्यात कुडकुडत ती मला म्हणाली, "आबा, आईला लई भाजत असंल का?" मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. मग म्हणाली, "आत्या खोटं बोलती का पुस्तक खोटं बोलतंय? एक कायतरी सांगा."

मी लोहार आहे. भाजणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

डोळा पुन्हा लागतो. ऐरण आणखी लांब जाते. भाता चालल्याचा आवाज येतो, भरून घेतो, सोडतो, भरून घेतो, सोडतो. मला नवल वाटतं. कातड्याचा भाता काढून आम्ही विजेचा पंखा बसवला त्याला किती वर्षं झाली. मग हा श्वास कोण घेतंय?

"मामा, वर्ग भरलाय. चला."

छपराच्या तोंडाशी वैजयंता उभी आहे. डोक्यावर पदर, तोंड थोडं बाजूला, घरात माझ्याशी बोलताना उभी राहायची तशी.

"तू व्हय?" मी म्हणतो. "अगं, पण तू तर…"

"चपला बाहेर काढा."

मी खाली बघतो तर पायात चपला आहेत. बाजेवर चपला घालून कसा निजलो? काढून ठेवतो आणि छपराबाहेर पाऊल टाकतो. अंगण लागत नाही. अंगणवाडीची फरशी लागते, गार, निळ्या खडूनं वर्तुळं काढलेली.

माझी जागा दाराशी. तिथं माझी सतरंजीची घडी अजून आहे. ही जागा मला कशी मिळाली ते सांगायला हवं. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नाही. मग ती मला अक्षरं शिकवणार कशी? केस पिकल्यावर मला वाचायची हौस आली होती, ते तिनं कुठून तरी हेरलं. एकदा चुलीपुढं बसून, भिंतीला ऐकवावं तसं ती म्हणाली, "घरात मी सून हाय. शाळेत मी बाई हाय. कुणाला शिकायचं असंल त्यानं शाळेत यावं, दाराशी जागा हाय." दुसऱ्या दिवशी मी गेलो. पोरं हसली. आठवड्यानं हसायची थांबली, कारण मी त्यांच्यापेक्षा जास्त चुकायचो आणि त्यांना त्याचा आधार वाटायचा.

मी पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांवर शिकलो. बी मातीत पडतं, मूळ फुटतं, कोंब वर येतो. चुंबक खिळ्याला ओढतं. सावली सकाळी लांब, दुपारी आखूड. वैजयंता खालच्या ओळीवर हात ठेवायची आणि आधी नुसतं चित्र बघायला लावायची. मग हात काढायची. 'लोखंड पाण्यात बुडते' ही मी वाचलेली पहिली अख्खी ओळ. जन्मभर छापील कागदाला भ्यालो होतो. हा पहिला छापील कागद, ज्यातलं खरंखोटं मी घरी जाऊन ताडून बघू शकत होतो. घरी गेलो, भट्टीजवळच्या लोखंड विझवायच्या कुंडीत खिळा टाकला, बुडाला. त्या दिवसापासून त्या पुस्तकांवर माझा जो विश्वास बसला तो बसलाच.

आत्ता वर्गाच्या मधोमध माझ्या भट्टीतली तीच दगडी कुंडी आहे. पोरं गोल बसली आहेत. एकेक जण पाण्यात काहीतरी टाकतंय. बटाटा बुडतो. वांगं तरंगतं. कुणीतरी माझा चष्मा टाकतं, तो बुडतो. मग दोघं मिळून माझी ऐरण उचलतात, फुलं उचलावीत तशी, आणि पाण्यावर ठेवतात.

ऐरण तरंगते.

"काय दिसतंय, मामा?" वैजयंता विचारते. इथं तिच्या डोक्यावर पदर नाही. इथं ती माझ्याकडं सरळ बघते.

"ऐरण तरंगतीय."

"मग तसं सांगा."

"पण ऐरण तरंगत नसती."

"ते बी सांगा."

"दोन्ही कसं सांगू? एक कायतरी खरं असंल की."

"आबा परत नापास," एक पोरगी म्हणते. तिचं तोंड मला दिसत नाही. सगळी पोरं टाळ्या वाजवतात, पण टाळ्यांचा आवाज घणासारखा येतो.

"गप रे सगळी," वैजयंता म्हणते. "मामा, भट्टीवर तुमचा आवाज वेशीपर्यंत जातो. इथंच का मांजर होतं तुमचं?"

मला बरं वाटतं. ती जिवंत असताना असंच चिडवायची, फक्त शाळेत. घरी परत आली की पुन्हा पदर, पुन्हा बाजूला तोंड, आणि ताटात भाकरी वाढताना एक अक्षर नाही.

"वाचा," ती म्हणते, आणि माझ्या मांडीवर पुस्तक ठेवते.

ताऱ्यांचं आहे. मी उघडतो. अक्षरं जागेवर नाहीत. मुंग्यांची रांग मोडावी तशी ती पानभर सैरावैरा धावताहेत. मी बोटानं एक धरायला जातो, ते नखाखाली शिरतं. मला घाम फुटतो. मी इकडंतिकडं शाईचं पॅड शोधायला लागतो. माझा अंगठा आपोआप पुढं आलाय.

"अंगठा आत घ्या," वैजयंता म्हणते. "अक्षरं ऱ्हाऊ द्या. चित्र बघा."

ती पानाच्या खालच्या भागावर हात ठेवते. वर चित्र आहे. काळ्या आभाळात एक पिवळा ठिपका. मी बघत असताना तो मोठा होतो. बोराएवढा, लिंबाएवढा, ताटाएवढा. पानातून धग येते. मला ती ओळखीची आहे. लोखंड लाल होऊन पिवळं व्हायला लागलं की अशीच धग येते. मी पुस्तक मिटायला जातो, पण ते मिटत नाही.

"वैजयंता," मी म्हणतो, "ती तूच का?"

"कोण?"

"ती. अलकानं पोरीला दाखवलेली. मावळतीची, सगळ्यांत आधी निघती ती."

ती क्षणभर माझ्याकडं बघते आणि मग तोंडावर हात धरून हसायला लागते. वर्गात मी तिला इतकं हसताना पाहिलेलं नाही.

"अहो, वन्संनी शुक्र दाखवला असंल! तो ताराच न्हाई, मामा. पृथ्वीसारखा गोळा हाय तो. वन्संना म्हणावं, निदान तारा तरी धड दाखवा."

"म्हंजे तू शुक्र हाईस?"

"मामा!"

"बरं बरं. पण मग तो गार असतो का? शुक्र?"

मला एकदम आशा वाटते. तारा नाही म्हणजे भट्टी नाही. हे मी पोरीला सांगू शकेन.

"कुठला गार," वैजयंता म्हणते. "तिथं शिसं वितळंल. तो बी भट्टीच हाय."

माझी आशा तिथंच विझते. मी पुस्तकाकडं बघतो तर पान आता पान नाही, दार आहे. पोरं एकेक करून त्यातून आत चालली आहेत, एकमेकांचे झगे धरून. शेवटच्या पोरीचे केस ओले आहेत. मी तिच्या मागं वाकून आत शिरतो.

आत माझीच भट्टी आहे. पेटलेली. अवसेला कुणी पेटवली?

"वैजयंता, आज अवस. भट्टी विझव."

"माझ्याकडं अवस न्हाई," ती म्हणते. जशी काही अवस म्हणजे मीठ, आणि शेजारणीनं मागितलंय.

ती निखाऱ्यातून एक सळई काढते, टोक पांढरट झालेलं. असा वर्ग तिनं एकदा खरंच घेतला होता. पोरांना घेऊन भट्टीवर आली, मला म्हणाली, मामा, सळई तापवून वर धरा. पोरांना आधी जवळून धग दाखवली, मग त्यांना घेऊन शाळेमागच्या टेकाडावर गेली आणि तिथून दाखवली. मी खाली सळई धरून उभा होतो. वर काय झालं ते मला कधी दिसलं नाही.

आता सळई ऐरणीवर आपोआप उभी आहे आणि मी टेकाड चढतोय. शेजारून वैजयंता चढतेय. पोरं कुठं गेली कळत नाही. खडे पायाला टोचतात आणि मला चपला कुठं सोडल्या ते आठवत नाही.

वर पोचल्यावर ती म्हणते, "आता मागं बघा."

खाली अंधार आहे. गाव नाही, घरं नाहीत. नुसता एक ठिपका लुकलुकतोय. हात लावावासा वाटेल असा.

"तुमची भट्टी चांदणी झाली बघा," ती म्हणते. "इथनं कशी गार वाटती."

"आत कोण हाय?"

"कशात?"

"त्या चांदणीत."

"कुणी न्हाई, मामा. लोखंड हाय. तुम्ही तर हितं हाय."

"आन् तू?"

"मी पण हितंच हाय की."

"हितं म्हंजे कुठं?"

ती आजूबाजूला बघते. पहिल्यांदाच मला तिच्या तोंडावर गोंधळ दिसतो. वर्ग घेताना एखादं पोर मोजणीत कमी भरलं की ती अशी बघायची.

"मला बी नीट उमजंना," ती म्हणते. "वर्ग सुटलाय असं वाटतंय आन् घरी जायची वाट दिसत न्हाई. तुम्ही आलाय म्हंजे घर जवळच असंल."

"तुलाच ठाऊक न्हाई, तर मी पोरीला काय सांगू?"

"नंदू काय म्हणती?"

मी सांगतो. तांब्या सांगतो, ओला झगा सांगतो. ती ऐकते. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते.

"पाणी वर उडवलं?"

"जीव खाऊन."

"सर्दी हुईल की तिला," ती म्हणते. खालचा ठिपका एकदा मोठा होतो, एकदा बारीक होतो, भात्याच्या श्वासाबरोबर.

"तुम्हाला काय माहीत हाय, मामा? तेवढंच सांगा तिला."

"मला कुठं काय माहीत हाय?"

"मग माहीत न्हाई म्हणून सांगा."

मला राग येतो. मेलेल्या सुनेवर रागावणं बरं नव्हे हे मला झोपेतही कळतं, तरी येतो.

"माहीत न्हाई? अगं, जल्मभर तेच सांगत आलो. कचेरीत, ब्यांकेत, दवाखान्यात. माहीत न्हाई साहेब, येत न्हाई साहेब, अंगठा घ्या. म्हातारपणी चार अक्षरं शिकलो ती काय परत तेच सांगायला?"

"तवा तुम्हाला येत नव्हतं," ती म्हणते. "ही बाब येगळी हाय. ही कुणालाच माहीत न्हाई."

"पुस्तकात बी न्हाई?"

"पुस्तकात ताऱ्याचं हाय. माझं कशाला असंल?"

"मग पोर म्हणंल, आई कुठं हाय ते आबाला ठाऊक न्हाई, म्हंजे आई हरवली."

मी तिच्याकडं वळतो. ती उभी नाही. ती आडवी आहे.

टेकाडावर सरकारी दवाखान्याची खाट आहे. पांढरी चादर, सलाईनची बाटली, खाली हिरवी बादली. आजूबाजूला भिंती नाहीत पण फिनेलचा वास आहे. दार मात्र आहे, नुसतं दार, आणि मी त्याच्या चौकटीत उभा आहे. त्या दिवशीही असाच उभा होतो. आत माझा मुलगा होता, तिची आई होती, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारी नर्स होती. सगळे म्हणत होते, अंग नुसतं फणफणलंय, हात ठेववत नाही. मी सासरा. सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, आजारात सुद्धा. किती ताप आहे हे मला दारातून लोकांच्या तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागलं. अजूनही मला तो कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलाच माहीत आहे.

आता आत कुणी नाही. ती एकटीच आहे. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिच्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला होता, तो तसाच आहे, भुवयांपासून केसांपर्यंत लाल. डोळे मात्र उघडे आहेत आणि ती माझ्याकडं बघतेय, वर्गात बघायची तशी सरळ.

"ताप उतरला का?" मी दारातूनच विचारतो.

"मला कळत न्हाई. तुम्ही हात लावून बघा."

"मी कसा लावू?"

"का?"

"तू सून."

"मग वर्गात काय होते मी?"

"बाई."

"मग हा वर्ग समजा. किती दिवस दाराशी बसणार? पुढं या, मामा. न बघता पोरीला काय सांगणार हाय तुम्ही?"

मी पाऊल टाकतो. फरशी आहे, माती आहे, पुन्हा फरशी आहे. खाटेजवळ पोचायला फार वेळ लागतो. मी उजवा हात पुढं करतो आणि तो तिच्या कपाळावर ठेवतो.

काही कळत नाही.

गार आहे की गरम आहे, काही कळत नाही. लोहाराचा तळहात. जन्मभर घण, सांडशी आणि ठिणग्यांनी त्याचं कातडं जोड्याच्या तळासारखं करून टाकलंय. धगधगता निखारा असला तरी त्याला कळायला वेळ लागतो. मी दाबून बघतो. हात सरकवून बघतो. कुंकू हाताखाली खरखरतं. इतक्या लांब आलो, हात लावला, आणि तरी दारात उभा असल्यासारखंच.

"काय लागतंय?" ती विचारते.

"थांब. घट्टं हायत हाताला. उलटा लावतो."

हाताची मागची बाजू अजून मऊ आहे. तिला कळेल. मी हात उचलतो, उलटा करतो, खाली नेतो, आणि कपाळ आणि हाताच्या मध्ये बोटभर अंतर उरतं तोच कुणीतरी माझी बाज गदागदा हलवतं.

"आबा! आबा, उठा की!"

पत्र्याचं छप्पर. ऐरण जागेवर आहे. ऊन तिरपं होऊन कुंडीपर्यंत आलंय आणि पिवळं पडलंय. नंदू बाजेशी उभी आहे, पुस्तक छातीशी धरून.

"सरत आली दुपार," ती म्हणते. "तुम्ही म्हणलं होतं चांदण्या निघायच्या आत."

मी उठून बसतो. तोंड कोरडं आहे. अजून मला नीट ठरवता येत नाही मी कुठून आलो ते. पाय खाली सोडतो तर चपला बाजेखालीच आहेत. नंदू थांबलीय. ती काही झालं तरी थांबणारच आहे, हे तिच्या उभ्या राहण्यावरून दिसतंय.

"बस इथं," मी म्हणतो.

"हितनंच सांगा."

"पुस्तक खरं हाय."

ती पुस्तक आणखी घट्ट धरते. मी घाई करतो.

"तारा तापलेला असतो, ते खरं. पण त्यात कुणी नसतंय. आत्याचं चुकलं. तिनं मायेनं सांगितलं, पण चुकलं. तुझी आई तारा न्हाई."

"शुक्र पण न्हाई?"

मी दचकतो. मग आठवतं, तिला शुक्र ठाऊक असणारच. ती वैजयंताची पोर.

"शुक्र पण न्हाई."

"सूर्य?"

"न्हाई."

"मग तिला भाजत न्हाई?"

"ताऱ्यात न्हाई, तर ताऱ्याचं कसं भाजंल?"

ती विचार करते. पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवते. आणि मग तेच विचारते, ज्याची मला भीती होती.

"मग आई कुठं हाय?"

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडते. मी तोंड उघडतो. देवाघरी, वर, लांब, झोपलीय, सगळे शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभे राहतात. सगळे सोपे आहेत. यातला कुठलाही मी हात लावून बघितलेला नाही.

"माहीत न्हाई, नंदू."

"तुम्हाला?"

"कुणालाच."

"बाईला पण माहीत नसंल?" बाई म्हणजे तिची आईच. शाळेत तीही आईला बाईच म्हणायची.

"न्हाई. तिला पण न्हाई."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडत नाही. माझ्याकडं बघत राहते. उत्तर पूर्ण आहे की अर्धं, ते ती ताडून बघतेय. मग ती बाजेवर माझ्या शेजारी बसते, पाय हलवते आणि माझा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेते.

"ह्ये काय लागलंय?"

मी बघतो. तळहातभर लाल. घट्ट्यांच्या रेघांत भरलेलं, बोटांच्या पेरांपर्यंत.

"गंज असंल," मी म्हणतो.

ती हात नाकाशी नेते. "गंजाला वास येतो. ह्याला न्हाई. मग काय हाय?"

"माहीत न्हाई."

ती आपलं एक बोट माझ्या तळहातावर ठेवते, अगदी मधोमध, लालावर. बराच वेळ ठेवते. मी श्वास धरून बसतो, कारण माझ्या हाताला ते बोटसुद्धा धड लागत नाही.

"गार हाय, आबा," ती म्हणते.